वीज जोडणीचा पाठपुरावा सुरू आहे

काका,

मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात जाणारी विद्यार्थिनी. २८ एप्रिल ते ५ जुलै अशी दहा आठवड्यांची इंटर्नशिप मी एका ठेकेदार कंपनीत केली. काम होतं देवगड आणि मालवणच्या मधल्या एका छोट्या बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या फॅक्टरीचं. पत्रावर 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट इंटर्न' असं वाचून बाबांनी पेढे आणले होते. प्रत्यक्षात मी दर शनिवारच्या मीटिंगचं इतिवृत्त टाइप केलं, एक्सेलमध्ये आकडे भरले आणि सिमेंटच्या गोणी मोजल्या. मुकादम आणि गवंडी मला 'कागदवाली बाय' म्हणायचे. स्लॅब २४ मे रोजी ठरला होता. पाऊस लवकर आला आणि तो ५ जूनला झाला. त्याआधी मी बार चार्ट (कामांच्या तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) घेऊन मुकादमांकडे गेले, तर ते म्हणाले, "गो बाय, पाऊस काय तुझ्या कागदाक इचारून येतलो?" सगळे हसले.

शेवटच्या आठवड्यात कंपनीतल्या माझ्या सरांनी, ज्यांच्याकडे एकाच वेळी चार साइट आहेत, प्रगती अहवालात 'काम ८० टक्के पूर्ण' असं लिहायला सांगितलं. माझ्या मोजणीत ६२ टक्के येत होते. मी विचारलं तर म्हणाले, "तू ८० टाक, पुढचं मी बघतो." मी टाकलं. खाली 'तयार करणारी' म्हणून माझं नाव आहे. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. माझी मैत्रीण पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्न होती. तिच्याकडे स्प्रिंट (कामाचे छोटे ठरावीक टप्पे), स्टँड-अप (रोजची छोटी बैठक), जिरा (कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर) असं सगळं होतं. माझ्याकडे गोणी. ऑगस्टअखेर कॉलेजला अहवाल द्यायचाय, मग तोंडी परीक्षा. काय लिहू? प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं एखादं प्रमाणपत्र घ्यावं का? हे क्षेत्र माझं आहे का? इतिवृत्तं आणि एक्सेल सोबत जोडलंय.

– कागदवाली बाय

*

प्रिय बाय,

सहीला तू तेच नाव घेतलंस, म्हणून मीही तेच वापरतो. आपल्याकडे 'बाय' मायेनंच म्हणतात.

तुझे बाकीचे प्रश्न थांबतील, ८० टक्क्यांचा थांबणार नाही. म्हणून माझं हे सल्ल्याचं सदर छापून यायची वाट न बघता हे उत्तर आजच, १२ जुलैला, तुला ई-मेलने धाडतोय. सदरात ते तुझ्या संमतीने, ओळख पुसून येईल.

सरांबद्दल मनात काही पक्कं करण्याआधी एक गोष्ट तपास. ८० टक्के म्हणजे कशाचे? एकाच कामाचे दोन टक्के निघतात आणि दोन्ही खरे असू शकतात. तुझ्या एक्सेलमध्ये तू कामं मोजलीस: पाया, खांब, स्लॅब, भिंती, गिलावा, उष्णतारोधक थर, ब्राइन (मिठाच्या पाण्याची) टाकी, यंत्रांची बसवणी, वीज, चाचणी. प्रत्येकाला वजन देऊन तू ६२ वर आलीस. पद्धत बरोबर आहे, मी पुन्हा बेरीज करून पाहिली. पण तुझ्याच तक्त्यात असंही दिसतं, की कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर जूनच्या शेवटी कोल्हापूरहून फोंडा घाटाने येऊन बंदरावर पोचले. यंत्रं जागेवर आली, की त्यांच्या किमतीचा मोठा हिस्सा बिलात चढतो. बर्फाच्या फॅक्टरीत इमारतीपेक्षा यंत्रंच महाग. तेव्हा रुपयांत मोजलं तर काम ८० टक्क्यांपर्यंत गेलेलं असू शकतं. सरांच्या डोक्यात तो आकडा असेल तर ते खोटं बोलले नाहीत, अर्धवट बोलले.

मात्र अर्धवट आकड्यानेही नुकसान होतं, आणि ते कोणाचं होणार हे मला तुझ्या कागदांतून दिसतंय. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला होड्या बाहेर पडतात आणि पहिल्या दिवसापासून त्यांना बर्फ लागतो. सोसायटीचे चेअरमन तुझा अहवाल वाचतील. ८० टक्के झालंय आणि हातात अजून तीन आठवडे आहेत, म्हणजे आपली बर्फाची लादी आपल्याच बंदरावर पडणार, असं ते समजतील. मग दुसऱ्या फॅक्टरीकडे बर्फाची आगाऊ मागणी नोंदवणार नाहीत. हंगामाच्या तोंडावर किनाऱ्यावरच्या सगळ्याच बंदरांना बर्फ हवा असतो, तेव्हा ऐनवेळी मागायला गेलेल्याला तो मिळत नाही, किंवा वाहतुकीसकट दामदुप्पट पडतो. बर्फाशिवाय होडी फार लांब जाऊ शकत नाही. गेलीच, तर मासळी किनाऱ्यावर येईपर्यंत मऊ पडते आणि लिलावात मातीमोल जाते. तुझ्या झोपेपेक्षा मला त्या होड्यांची काळजी जास्त आहे. तुझी झोप उडाली ती बरोबर कारणासाठी उडाली, हेही सांगतो.

आता इतिवृत्तांकडे. दहा शनिवार, दहा इतिवृत्तं. मी ती एकापुढे एक ठेवून वाचली. स्लॅबवर प्रत्येक मीटिंगमध्ये अर्धं पान चर्चा आहे. सळई, सेंट्रिंग, खडी, पाऊस, ताडपत्री, कोणाची चूक. आणि पानाच्या तळाशी, तिसऱ्या मीटिंगपासून दहाव्यापर्यंत, आठ वेळा एकच ओळ: 'वीज जोडणीचा पाठपुरावा सुरू आहे.' शब्द तेच, क्रमही तोच. पाठपुरावा कोण करतंय, कोणाकडे, कोणता कागद अडलाय, पुढची तारीख कोणती, यातलं एकही अक्षर नाही. पाचव्या मीटिंगच्या खाली तू पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं स्कॅनमध्ये दिसतंय. ते प्रश्नचिन्ह म्हणजे तुझ्या दहा आठवड्यांतलं सगळ्यात मोठं काम. ते तू मोठ्याने उच्चारायला हवं होतंस, पण तुला कोणी तसं शिकवलं नव्हतं.

बर्फाची फॅक्टरी स्लॅबवर चालत नाही, विजेवर चालते. तेवढ्या मोठ्या भारासाठी अर्ज, जागेची पाहणी, अंदाजपत्रक, पैसे भरणं, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), मीटर, विद्युत निरीक्षकाची तपासणी अशी एकामागून एक साखळी असते. आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची होत नाही, आणि इथे जास्त गवंडी लावून वेळ वाचत नाही. वीज आली म्हणजे त्याच संध्याकाळी बर्फ पडत नाही, हेही लक्षात घे. अमोनिया भरायचा, गळती तपासायची, टाकीतलं मिठाचं पाणी उणे १० अंशांच्या आसपास उतरवायचं, मग त्यात पाण्याने भरलेले डबे सोडायचे; मोठी लादी गोठायला पुन्हा रात्र-दिवस जातो. कामाचा शेवट कोणत्या तारखेला होणार हे ठरवणाऱ्या अशा सर्वांत लांब साखळीला पुस्तकात क्रिटिकल पाथ म्हणतात. अमेरिकेतल्या ड्यूपाँ या रसायन कंपनीत १९५७च्या सुमारास ही रीत बांधली गेली. व्याख्या तुला पाठ असेल. पण तुमच्या बार चार्टवर लाल रेघ स्लॅबमधून गेलीये, आणि खरा मार्ग त्या आठ वेळा छापलेल्या ओळीतून जात होता. स्लॅब २४ मेला झाला असता तरी फॅक्टरी विजेसाठी थांबलीच असती. ज्या १२ दिवसांवरून साइटवर एवढी हमरीतुमरी झाली, त्यांनी शेवटची तारीख हललीच नाही.

याचं आपल्या अंगणातलं उदाहरण कोकण रेल्वेचं. रोहा ते मंगळुरू ७४१ किलोमीटर. १९९०मध्ये काम सुरू झालं, नव्वदहून जास्त बोगदे काढले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कठीण खडकातून पार पडला. रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल उभा राहिला. लोक बघायला जात ती हीच कामं. पण सबंध मार्ग शेवटी अडला तो सावंतवाडी आणि पेडण्याच्या मधल्या तुकड्यावर, भुसभुशीत मातीतल्या बोगद्यापाशी, जिथे खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळत होतं. तो तुकडा झाला तेव्हा, २६ जानेवारी १९९८ला, मार्ग पुरा झाला. जे काम उंच असतं, दिसतं, ज्याचा फोटो निघतो, तिकडे सगळ्यांची नजर जाते. तुमच्या बंदरावर स्लॅब दिसत होता. अर्ज कुणाला दिसतो?

मी हे इतक्या ठामपणे का सांगतोय तेही ऐक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका खाडीपुलाच्या कामावर नियोजनाला होतो. साहेबांनी खांबांचं काम ९० टक्के दाखवायला सांगितलं. दोन खांब पाण्यातच अडकले होते आणि मला ते माहीत होतं. मी ९० लिहिलं. तो आकडा वाचून दुसऱ्या टोकाकडच्या माणसांनी गर्डर (पुलाच्या पोलादी तुळया) आणि क्रेन मागवली. गर्डर आले, ठेवायला जागा नव्हती म्हणून भरतीच्या रेषेजवळ ठेवावे लागले, आणि त्या पावसाळ्यात ते खाऱ्या हवेत गंजले. क्रेनचं भाडं रोज चढत राहिलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. कागदावर माझी सही होती आणि ती आजही तिथे असेल. तुझं पत्र आलं तेव्हा मला ते गर्डरच आठवले. माझी चूक सुधारायला उशीर झाला होता, तुझ्याजवळ अजून वीस दिवस आहेत.

तेव्हा सोमवारी सरांना भेट. फोनवर नको, समोर बस. 'तुम्ही मला खोटं लिहायला लावलंत' अशी सुरुवात करू नकोस. तसं म्हटलंस की ते स्वतःचा बचाव करू लागतील आणि अहवाल बाजूला पडेल. म्हण, "सर, माझ्या मोजणीत कामाच्या हिशेबाने ६२ येतात, तुमचे ८० बिलाच्या हिशेबाने असावेत. सुधारित अहवालात दोन्ही ओळी लिहू का? आणि तिसरी ओळ, पहिली लादी कधी पडेल ती?" सोबत एका पानाचा तक्ता ने. त्यात वीज जोडणीच्या पायऱ्या लिही, प्रत्येकीपुढे कोण करणार त्याचं नाव आणि तारखेची मोकळी जागा. मोकळ्या जागा तू भरू नकोस, सरांना भरू दे. मी असे बरेच साहेब पाहिलेत. टक्क्यावर वाद घालतात, पण मोकळा रकाना समोर आला की त्यांचेच डोळे उघडतात आणि हात फोनकडे जातो. तुझ्या सरांच्या अंगावर एकाच वेळी चार साइट आहेत असं तू लिहिलंयस. त्यांना विजेची ती ओळ दिसलीच नसेल, असंही होऊ शकतं.

नाही म्हणाले तर? मग कॉलेजमधल्या मार्गदर्शकांना सांग आणि त्यांना सोबत घे. तू विद्यार्थिनी आहेस, हे ओझं एकटीने उचलायचं नाही. त्यांच्यामार्फत लेखी कळव, की त्या अहवालातला टक्का तुझ्या मोजणीचा नाही, तुझं नाव काढावं किंवा तुझा आकडाही छापावा. दोन ओळींचं, सभ्य भाषेतलं पत्र पुरे. सरांना वगळून थेट चेअरमनकडे जाऊ नकोस, निदान आधी नको. पण चेअरमननी किंवा सोसायटीच्या सल्लागारांनी तुला समोरासमोर विचारलं, "पोरी, १ तारखेला बर्फ मिळेल का?" तर जे दिसतंय ते सांग. तुझं गाव तिथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या होड्यांवर तुझ्याच वर्गातल्या कोणाचे तरी बाप जाणार आहेत.

हे झालं की बाकीचं निवांत बोलू.

इतिवृत्त टाइप करणं, गोणी मोजणं हे खालचं काम आहे असं तुला वाटलं. मला पटत नाही. ज्याने गोणी मोजल्या त्यालाच कळतं, की कागदावर स्लॅबला पुरेल एवढा दिसणारा साठा ओल लागून दगड झालाय. तू १४ मेला तशा १८ गोणी बाजूला काढायला लावल्यास, तुझ्याच नोंदीत आहे. कोणी शाबासकी दिली नसेल, मी देतो. इतिवृत्ताचं म्हणशील, तर तो खरा हत्यारासारखा कागद आहे, पण तू तो नुसता नोंदवहीसारखा वापरलास. चांगल्या इतिवृत्तात चर्चा कमी आणि नावं-तारखा जास्त असतात. 'पाठपुरावा सुरू आहे' हे वाक्य पुढच्या आयुष्यात तुझ्या हातून लिहिलं जाऊ देऊ नकोस. त्याच्या जागी 'अमुक माणूस मंगळवारी जाऊन अंदाजपत्रकाची प्रत आणेल' असं लिही, आणि पुढच्या शनिवारी पहिलं वाक्य तेच वाचून दाखव.

मुकादमांचं हसणं तुला लागलं. पण त्यांच्या वाक्यात एक पूर्ण धडा होता. बार चार्ट कुठे बनला होता? मुंबईच्या ऑफिसात. त्यात मान्सूनची तारीख ७ जून गृहीत धरलेली आणि २४ मे ते ७ जून हे दोन आठवडे सवड म्हणून ठेवलेले. कागदावर शहाणपणाचंच होतं. पण २०२५च्या मे महिन्यात २० तारखेपासूनच किनाऱ्यावर पाऊस कोसळू लागला, रत्नागिरीजवळ कमी दाबाचं क्षेत्र जमिनीवर आलं आणि २५ मे रोजी मान्सून तळकोकणात दाखलही झाला. सगळी सवड चार दिवसांत वाहून गेली. मग महिनाअखेर मान्सून रेंगाळला, उघडीप मिळाली आणि मुकादमांनी ५ जूनला स्लॅब उरकला. ती उघडीप कोणी हेरली? तुझ्या नोंदीत आहे: ३ जूनला ते म्हणाले, "वारो फिरलो, परवा घालूया." रेडीमिक्सवाल्याला, सेंट्रिंगवाल्याला, बिगाऱ्यांना त्यांनीच रात्री फोन केले. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काय होऊ शकेल आणि काय नाही, हे ज्याला नेमकं कळतं असा साइटवर तोच एक माणूस होता. त्याच्यापुढे तू तयार कागद घेऊन गेलीस. कोरा कागद घेऊन जायला हवं होतंस. "तात्या, पुढच्या तीन आठवड्यांत तुम्हाला काय काय लागेल ते सांगा, मी लिहून घेते." असं विचारलं असतंस तर 'कागदवाली' हे नाव तुला त्यांनी अभिमानाने ठेवलं असतं.

कोकणातल्या कामाचं वेळापत्रक कोकणाच्या पंचांगावर बसवावं लागतं. पावसात काँक्रीट टाकता येत नाही, पण टाकून घट्ट झालेल्या स्लॅबला पाऊसच पाणी मारतो. गिलावा मात्र वाळत नाही. मोठ्या तुळयांखालचे टेकू २१ दिवस काढायचे नसतात, म्हणजे ५ जूनचा स्लॅब २६ जूनला मोकळा. त्याआधी खाली यंत्रं बसवायला जागा नाही. चिरा पावसाआधी खाणीतून आणून ठेवावा लागतो. घाटात दरड आली की ट्रक दोन दिवस अडकतो. शिमग्याला आणि गणपतीत गावचा माणूस कामावर नसतो, आणि तो नसणार हे त्याने आधी सांगायची गरज नसते. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर तुमच्या साइटवर कोण असेल, हे आजच विचारून ठेवायला सांग. हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये आपोआप येत नाही. ते भरणारा माणूस लागतो, आणि तो इथला असला तर बरं.

मैत्रिणीशी तुलना थोडक्यात आटपतो. तिचा सकाळचा पंधरा मिनिटांचा स्टँड-अप आणि तुमच्या मुकादमांचा सकाळी सातचा चहा, दोन्हींत प्रश्न सारखेच: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. तिच्या कामात चुकलेलं परत लिहिता येतं, तुझ्या कामात चुकलेला स्लॅब फोडावा लागतो. म्हणून तिची रीत वेगळी, तुझी वेगळी.

आता अहवाल. 'कंपनीची ओळख, उद्दिष्टे, निष्कर्ष' अशी वीस पानं परीक्षकाने शंभरदा वाचलेली असतात. त्या ठरावीक गोष्टी चार पानांत उरक. उरलेल्या पानांत तीन वेळापत्रकं एकाखाली एक मांड: ठरलेलं, झालेलं, आणि आज तुला जे कळतंय त्यावरून जे असायला हवं होतं ते. तिसऱ्यात वीज जोडणीची साखळी पहिल्या दिवसापासून लाल शाईत दाखव. मग दहा इतिवृत्तांतली ती ओळ तारखांसकट उतरवून काढ, भाष्य करू नकोस. आठदा वाचल्यावर भाष्याची गरजच उरणार नाही. कंपनीचं नाव, माणसांची नावं, दरपत्रकं गाळ. करारातल्या गुप्ततेची अट पाळायलाच हवी, आणि कोणाला उघडं पाडण्यासाठी हा अहवाल नाही.

टक्क्यांचं प्रकरण अहवालात जरूर घे. ते आकड्यांच्या भाषेत घे, तक्रारीच्या नाही. तोंडी परीक्षेत विचारलं तर समजावायला एक सोपा हिशेब देतो. समज, १०० मीटर चिऱ्याचा गडगा (कुंपणाची भिंत) २० दिवसांत, २ लाख रुपयांत बांधायचाय. १० दिवस झाले. ठरल्याप्रमाणे ५० मीटर, म्हणजे १ लाखाचं काम व्हायला हवं होतं. झालंय ४० मीटर, म्हणजे ८० हजारांचं. खर्च मात्र १ लाख २० हजार. खर्चाकडे बघणारा म्हणेल, ६० टक्के झालं. दिवस मोजणारा म्हणेल, ५० टक्के. गडग्याच्या कडेने चालणाऱ्याला ४० दिसेल. याच चालीने गेलं तर गडगा २५ दिवसांत आणि ३ लाखांत पुरा होईल, हे त्या चाळीसवाल्यालाच सांगता येतं. पुस्तकात याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. तू बंदरावर नेमकं हेच केलं होतंस, नाव माहीत नसताना.

तू ८० लिहिलंस हेही अहवालात लपवू नकोस. 'अंतिम अहवालात ८० टक्के नोंदवले गेले. ते कोणत्या आधारावर, हे त्यात नमूद नव्हते. ते नमूद करायला हवे होते' इतकंच. सोमवारच्या भेटीनंतर सुधारणा झाली तर तीही लिही. परीक्षकाने टोचून विचारलं, "मग तुम्ही सही का केली?" तर "मी घाबरले होते" हे खरं उत्तर दे. मला जर कोणी माझ्या पहिल्या मुलाखतीत हा प्रश्न विचारला असता आणि मी खरं बोललो असतो, तर पुढची काही वर्षं मी हलक्या मनाने काम केलं असतं.

हे क्षेत्र तुझं आहे का, हा तुझा शेवटचा प्रश्न. दहा आठवड्यांवरून कोणाचंच क्षेत्र ठरत नाही. पण तुझ्या कागदांवरून मला एवढं सांगता येतं, की तू मोजतेस, न पटलेलं मनात ठेवतेस आणि पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतेस. पेन्सिलीऐवजी तोंडाने विचारायची सवय लावायची आहे, ती लागते. प्रमाणपत्राचं तू ओझरतं विचारलंयस. १९६९मध्ये स्थापन झालेल्या पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेची कॅपम नावाची परीक्षा अनुभव नसलेल्यांसाठी आहे. बारावीनंतर कोणीही देऊ शकतं, आधी २३ तासांचं प्रशिक्षण लागतं. द्यायचीच असेल तर पदवीनंतर दे. या वर्षी तिच्या फीवर पैसे खर्च करायची घाई नाही. त्याआधी पुढच्या मे महिन्यात पुन्हा एखाद्या साइटवर जा, आणि या वेळी पहिल्या आठवड्यातच विचार: इथला सगळ्यात लांबचा कागद कोणता, आणि तो कोणाच्या टेबलावर आहे?

सोमवारी सरांशी काय झालं ते मला कळव, रात्री उशिरा का असेना. आणि अहवाल बांधायला देण्याआधी, ऑगस्टच्या मध्यावर, एकदा बंदरावर जाऊन ये. लादी पडायला लागली असेल तर पहिल्या दिवसाची तारीख लिहून घे. नसेल, तर होड्यांसाठी बर्फ कुठून येतोय, किती आणि कितीला पडतोय, ते सोसायटीच्या कारकुनाला विचारून शेवटच्या पानावर टाक. जाताना मुकादमांसाठी कोरी वही ने. पहिल्या पानावर त्यांना गणपतीतल्या सुट्ट्या सांगू दे.

तुझा,
काका